प्रिंटर वरच्या खोलीत, राउटर दाराशी

माझी आत्या बडोद्याच्या समा भागात राहते. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी तिच्या बैठकीत शिरलं आणि ओसरलं तेव्हा प्रिंटरमधून चिखल गळत होता. गणपती ७ सप्टेंबरला. दरवर्षी आरत्या मोठ्या अक्षरात छापून सगळ्यांच्या हातात द्यायच्या हा त्या घरचा रिवाज, कारण आरतीच्या पुस्तकातलं अक्षर काकांना चष्मा लावूनही लागत नाही. त्यामुळे इतर डागडुजी राहिली बाजूला, नवा प्रिंटर आधी आला. काकांची अट एकच: "खाली आता काही ठेवायचं नाही." म्हणून प्रिंटर गेला वरच्या मागच्या खोलीत. फायबरची वायर मात्र खाली मुख्य दारावरून आत येते, आणि राउटरही तिथेच, छताला टेकून. मधे एक स्लॅब, दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट.

"वीस मिनिटांचं काम आहे गं," असं सांगून मी दुपारी चारला दांडिया बाजारातून निघाले. पहिला कागद बाहेर आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि आत्याने पिठलं दोनदा गरम केलं होतं. त्या साडेपाच तासांत मी जे उलटसुलट केलं, ते इथे सरळ क्रमाने लिहिते. तेव्हापासून नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच घरांत हेच काम केलंय, त्यामुळे हात आता बसलाय.

हे एक काम नाही, दोन आहेत

‘प्रिंटर वाय-फायला जोडायचा’ असं आपण एका दमात म्हणतो आणि तिथेच फसतो. पहिलं काम म्हणजे प्रिंटरला राउटरशी जोडणं. दुसरं म्हणजे फोनला किंवा लॅपटॉपला त्याच राउटरमार्फत प्रिंटर सापडणं. पहिल्या कामात फोन फक्त निरोप्या असतो, पासवर्ड पोचवण्यापुरता. दुसऱ्या कामात अडलं असेल तर प्रिंटर कितीही वेळा रीसेट करा, काही हलत नाही. मी आत्याकडे तीनदा रीसेट केला. प्रिंटर पहिल्याच वेळी जोडला गेला होता, घोळ माझ्या फोनमध्ये होता.

म्हणून अडलं की आधी ठरवायचं, पहिलं अडलंय की दुसरं. याचं उत्तर प्रिंटर स्वतः कागदावर छापून देतो, ते पुढे येईलच.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. घरातल्या घरात वाय-फायवरून छापायला इंटरनेट लागत नाही. वर्षाचं रिचार्ज संपलं, बाहेर खोदकामात वायर तुटली, तरी राउटरला वीज आहे तोवर फोनमधली फाइल प्रिंटरपर्यंत जाते. इंटरनेट लागतं ते अ‍ॅप उतरवून घ्यायला, काही कंपन्यांचं खातं उघडायला आणि बाहेरगावाहून छापायला. मात्र सगळं काम कंपनीच्या अ‍ॅपवरच ठेवलं तर ते अ‍ॅप मधेच लॉगिन मागून अडवू शकतं, म्हणून फोनची स्वतःची छपाईची सोयही चालू करून ठेवावी.

आधी खोका वाचा

प्रिंटरला वाय-फाय आहे का, हे दुकानात विचारा आणि खोक्यावरही वाचा. दिसायला जुळे वाटणारे दोन प्रिंटर असतात, एकाला वाय-फाय असतं, दुसऱ्याला नसतं. एपसनचा एल३२१० फक्त यूएसबी केबलवर चालतो, एल३२५० ला वाय-फाय आहे. कॅननचा जी२०१० केबलवाला, जी३०१० वाय-फायवाला. ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षे टिकून राहिलेले कॅननचा एलबीपी२९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे दोघेही केबलवालेच. घरी असा प्रिंटर असेल तर तो टाकू नका. तो ज्या कॉम्प्युटरला जोडलाय, त्यावरून विंडोजमध्ये ‘शेअर’ करता येतो. तोटा इतकाच की छापायचं असेल तेव्हा तो कॉम्प्युटर चालू हवा. काही राउटरांना यूएसबी पोर्ट असतो आणि त्यात प्रिंट सर्व्हरची, म्हणजे केबलवाला प्रिंटर सगळ्या घराला वापरू देण्याची, सोय असते. पण पोर्ट आहे म्हणजे सोय असेलच असं नाही, राउटरच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. हौशी मंडळी रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या कॉम्प्युटरवर कप्स नावाची मोफत प्रणाली बसवून केबलवाल्या प्रिंटरला वाय-फायवर आणतात. माझ्या चुलतभावाने तसं केलंय आणि छान चाललंय, पण आत्याला ते सांगायला मी गेले नाही.

राउटरकडचं घरकाम

प्रिंटरला हात लावण्याआधी पाच मिनिटं राउटरला द्या. निम्मी दुखणी इथेच निघतात.

घरचा राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ ची पट्टी वेगवान, पण भिंतीशी तिची दोस्ती नाही. २.४ ची पट्टी हळू, पण भिंती, स्लॅब ओलांडून लांब पोचते. घरगुती प्रिंटरांपैकी कितीतरी फक्त २.४ वरच चालतात. वेगाची प्रिंटरला गरजही नाही, कागदच मुळी मिनिटाला आठ-दहा येणार. म्हणून फोनवर नावाच्या शेवटी ‘५जी’ लावलेलं नेटवर्क दिसत असेल तर ते प्रिंटरसाठी नाही, दुसरं घ्यायचं. (हा ‘५जी’ म्हणजे मोबाइलचा ५जी नव्हे. हे काकांना समजावण्यात माझा अर्धा चहा थंड झाला.) दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर राउटर आपणच वाटणी करतो आणि बहुतेकदा ते निभतं. नाहीच निभलं तर राउटरच्या पानावर जाऊन ५ ची पट्टी दहा मिनिटं बंद करायची, प्रिंटर जोडून घ्यायचा आणि मग ती पुन्हा चालू करायची.

राउटरचं पान म्हणजे ब्राउझरमध्ये पत्ता टाकून उघडतं ते. पत्ता राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर असतो. पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. मी इथे देवनागरी आकडे लिहितेय, तुम्ही टाकताना कीबोर्डवर इंग्रजी आकडेच टाका.

त्या पानावर आणखी तीन गोष्टी पाहून घ्या. सुरक्षेचा प्रकार फक्त ‘डब्ल्यूपीए३’ असा ठेवला असेल तर थोडा जुना प्रिंटर जोडलाच जाणार नाही. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा. दुसरं, चॅनल. २.४ च्या पट्टीत आपल्याकडे १ ते १३ चॅनल वापरता येतात, पण काही उपकरणांना ११ च्या पुढचे दिसतच नाहीत. राउटर आपोआप १२ किंवा १३ वर गेला की प्रिंटरच्या लेखी तुमचं नेटवर्क गायब. १, ६ किंवा ११ यांपैकी एक स्वतः ठरवून द्या, हे तिघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. तिसरं, नाव. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाने हौसेने नेटवर्कचं नाव देवनागरीत ठेवलं होतं. फोनवर झकास दिसायचं, प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर नुसते चौकोन. त्यातला आपला चौकोन कुठला, हे ओळखणार कसं? नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, लपवून ठेवू नका, आणि पासवर्ड कागदावर लिहून समोर घ्या. लहान-मोठं अक्षर, शून्य की ओ, एक की एल, हे नीट पाहून.

गेस्ट नेटवर्क चालू असेल तर प्रिंटर त्यावर टाकू नका. त्या नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत, यासाठीच ते असतं.

जागा

पहिली जोडणी राउटरच्या खोलीत करा. माझा हा हट्टच आहे. प्रिंटर जड असतो, जिना अरुंद असतो, सगळं मान्य. पण जवळ बसून जोडला गेला आणि वर नेल्यावर तुटला, तर दोष अंतराचा हे तत्काळ कळतं. वरच जोडायला बसलात तर दोष पासवर्डचा, पट्टीचा की भिंतीचा, ते शोधण्यात दिवस जातो. फक्त इंक टँकवाला प्रिंटर शाई भरल्यावर आडवा-तिरपा करायचा नाही, म्हणून शाई भरण्याआधी जोडणी उरकता आली तर उत्तम. काही मॉडेलं शाई भरून झाल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाहीत. तसं असेल तर नंतर दोघांनी मिळून सरळ उचलून न्यायचा.

वर नेल्यावर फोनवर त्याच जागी २.४ च्या नेटवर्कच्या किती काड्या दिसतात ते बघा. दोन असल्या तरी छपाई होते. एकच आणि तीही येत-जात असेल तर प्रिंटर जरा सरकवा. आत्याकडे लोखंडी कपाटाच्या मागून तो खिडकीशी आणला आणि एकीच्या तीन झाल्या. लोखंड, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड सिग्नल मार खातो. मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास काम करतो, म्हणून स्वयंपाकघराची भिंत टाळलेली बरी. मांडवीकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड विटांच्या भिंती असतील तर मधे सिग्नल पुढे पोचवणारा एक रिपीटर लावण्याला पर्याय नाही, तिथे कपाट सरकवून भागत नाही.

पहिलं काम: प्रिंटर राउटरला जोडणं

चार वाटा आहेत. तुमच्या प्रिंटरला पडदा असेल तर बाकीच्या तीन विसरून जा.

पडदा असलेल्या प्रिंटरवर सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क किंवा वायरलेस, मग वायरलेस सेटअप विझार्ड अशा नावाची ओळ निवडायची. तो आसपासची नेटवर्कं शोधतो, आपलं निवडायचं, पासवर्ड टाकायचा. बाणांनी एकेक अक्षर निवडणं कंटाळवाणं असतं, पण हीच वाट सगळ्यात खात्रीची आहे, कारण मधे फोन नाही.

पडदा नसेल तर अ‍ॅपची वाट. एचपीसाठी एचपीचं, एपसनसाठी स्मार्ट पॅनेल, कॅननसाठी कॅनन प्रिंट, ब्रदरसाठी मोबाइल कनेक्ट. अ‍ॅप सुरू करण्याआधी फोन २.४ च्या नेटवर्कवर आणा. ब्लूटूथ चालू करा. अँड्रॉइडवर लोकेशन चालू करा आणि अ‍ॅपला त्याची परवानगी द्या. छापायला लोकेशन कशाला, असं वाटेल. पण आजूबाजूची वाय-फाय नेटवर्कं शोधायला अँड्रॉइड ती परवानगी मागतो. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी विचारली जाते. घाईत ‘नाही’ म्हटलंत तर अ‍ॅपला प्रिंटर कधीच दिसणार नाही आणि कारणही सांगितलं जाणार नाही. तसं झालंच असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकल नेटवर्क उघडून त्या अ‍ॅपसमोरचं बटण चालू करा.

आता प्रिंटर सेटअप अवस्थेत हवा, म्हणजे त्याचा वाय-फायचा दिवा लुकलुकत असला पाहिजे. नवा प्रिंटर पहिल्यांदा चालू केल्यावर आपोआप या अवस्थेत असतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत ती सुमारे दोन तास टिकते, नंतर दिवा विझतो. जुना किंवा दुसऱ्या घरातून आलेला प्रिंटर असेल तर आधीच्या घराचं नेटवर्क त्याच्या डोक्यातून काढावं लागतं. कुठलं बटण किती सेकंद दाबायचं हे मॉडेलागणिक बदलतं, म्हणून इथे मोघम सांगत नाही. प्रिंटरसोबतचा घडी घातलेला कागद फेकला नसेल तर त्यात चित्रासकट असतं, नाहीतर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून पाहा.

अ‍ॅपमध्ये प्रिंटर दिसला, निवडला, की फोन थोडा वेळ घरचं वाय-फाय सोडून प्रिंटरच्या तात्पुरत्या नेटवर्कवर जातो. त्याचं नाव पुष्कळदा ‘डायरेक्ट’ने सुरू होतं. इथेच माझा फोन घसरला. या नेटवर्कवर इंटरनेट नसतं. फोन म्हणतो, इथे इंटरनेट नाही, जोडलेलं राहू का? आपण उत्तर देईपर्यंत तो शहाणा मोबाइल डेटाकडे पळतो आणि अ‍ॅप गोल गोल फिरत बसतं. उपाय सोपा: जोडणी होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवायचा आणि विचारलं तर ‘जोडलेलं राहा’ म्हणायचं. फोनवर व्हीपीएन (इंटरनेट दुसरीकडून फिरवून आणणारी सोय) असेल तर तोही बंद. हा एक परिच्छेद मला त्या दिवशी कुणी सांगितला असता तर पिठलं एकदाच गरम झालं असतं.

तिसरी वाट डब्ल्यूपीएसच्या बटणाची. राउटरवरचं बटण दाबायचं, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं दाबायचं, दोघं आपसात ठरवून घेतात, पासवर्ड टाकावा लागत नाही. आत्याकडे ही वाट बंदच होती, राउटर छताला आणि आम्ही दोघी पाच फुटांच्या आत-बाहेरच्या. शिवाय राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर हे बटण चालत नाही. बटणाची पद्धत ठीक आहे, पण डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिनचा प्रकार राउटरमध्ये बंद करून टाका. २०११ मध्ये दाखवून दिलं गेलं की तो पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे कोट्यवधींऐवजी जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत उघडतो.

चौथी वाट केबलची. काही मॉडेलांत लॅपटॉपला यूएसबी केबल लावून कंपनीचं सॉफ्टवेअर चालवलं की ते लॅपटॉपवरचं नेटवर्क आणि पासवर्ड प्रिंटरला देऊन टाकतं, मग केबल काढायची. सॉफ्टवेअर सांगेल तेव्हाच केबल लावा, आधीच लावून बसलात तर विंडोज त्याला केबलवाला प्रिंटर म्हणून नोंदवून मोकळं होतं.

कागदावरचा पुरावा

वाय-फायचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की पहिलं काम झालं असं समजायला हरकत नाही. तरी नेटवर्कचं पान छापून घ्या. बहुतेक प्रिंटरांत एक बटण किंवा बटणांची जोडी काही सेकंद दाबली की ते छापलं जातं, पडदा असेल तर नेटवर्कच्या यादीत ‘रिपोर्ट’ असतो. त्या कागदावर तीन ओळी शोधा.

नेटवर्कचं नाव, म्हणजे एसएसआयडी: ते तुमच्याच घरचं आहे ना? आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा प्रिंटरचा पत्ता: तो राउटरच्या पत्त्यासारखा सुरू व्हायला हवा. राउटर १९२.१६८.२९.१ असेल तर प्रिंटर १९२.१६८.२९ आणि पुढे दुसरा एखादा आकडा. सगळी शून्यं दिसली तर प्रिंटर जोडलाच गेलेला नाही. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेला नाही. अशा वेळी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, तो पूर्ण उठला की प्रिंटर चालू करा. तिसरी ओळ मॅक पत्त्याची, म्हणजे प्रिंटरच्या कारखान्यातल्या ओळख क्रमांकाची: दोन-दोन अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्या. ती थोड्याच वेळात लागणार आहे, कागद फेकू नका.

पत्ता बरोबर असेल तर प्रिंटर निर्दोष आहे. यापुढे काहीही अडलं तरी रीसेटच्या बटणाकडे हात नेऊ नका.

दुसरं काम: फोन आणि लॅपटॉप

खात्रीची चाचणी: फोन घरच्या वाय-फायवर आणून ब्राउझरमध्ये प्रिंटरचा तो आयपी पत्ता टाका. बऱ्याचशा प्रिंटरांत त्यांचं स्वतःचं छोटं पान उघडतं, शाई किती उरली वगैरे. ते उघडलं म्हणजे रस्ता मोकळा आहे. ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असं बजावेल. पत्ता आपल्याच घरच्या प्रिंटरचा असल्याची खात्री असेल तर पुढे जा.

अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून छपाईची सोय फोनमध्येच असते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘प्रिंटिंग’ लिहा, डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस चालू करा. मग फोटो किंवा पीडीएफ उघडून शेअरमध्ये किंवा तीन ठिपक्यांत ‘प्रिंट’. प्रिंटर दिसत नसेल तर कंपनीचं प्रिंट सर्व्हिस प्लगइन प्ले स्टोअरवरून घ्या. आयफोनला काहीच बसवावं लागत नाही. अ‍ॅपलने २०१० मध्ये आणलेलं एअरप्रिंट प्रिंटरमध्ये असलं की झालं, शेअर, प्रिंट, प्रिंटर निवडा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे जोडायचं बटण, यादीतून निवडा. मॅकवाल्यांना मी कधी दोन मिनिटांहून जास्त वेळ दिलेला नाही.

विंडोजवाल्यांनी मात्र नीट वाचा. आधी नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का पाहा: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, जोडलेल्या नेटवर्कचे गुणधर्म. ‘पब्लिक’ असेल तर विंडोज लॅपटॉपला घरातल्या इतर उपकरणांपासून बऱ्यापैकी झाकून ठेवतं. मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, अ‍ॅड डिव्हाइस. यादीत आला तर जोडा. नाही आला तर थोडं थांबल्यावर ‘मॅन्युअली’ जोडण्याची ओळ येते. तिथे ‘टीसीपी/आयपी अ‍ॅड्रेस’ हा पर्याय घ्या आणि कागदावरचा आयपी टाका. यादीत दिसला तरी मी हाच रस्ता घेते. आपोआप जोडलेला प्रिंटर विंडोज बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर टाकतं, आणि माझा अनुभव असा की प्रिंटर झोपून उठला की ते पोर्ट त्याला ओळखेनासं होतं.

पत्ता कायमचा करा

हे काम कुणी करत नाही आणि म्हणूनच महिन्याभराने फोन येतो, "अगं, परत ऑफलाइन दाखवतंय."

राउटर पत्ते भाड्याने देतो. वीज गेली, आली, राउटर नव्याने वाटप करायला बसला की काल १९२.१६८.२९.१०५ वर राहणारा प्रिंटर आज ११२ वर राहायला जाऊ शकतो. लॅपटॉप मात्र १०५ चं दार वाजवत बसतो. उपाय म्हणजे राउटरला सांगून ठेवायचं की या मॅक पत्त्याच्या उपकरणाला नेहमी हाच पत्ता द्यायचा. राउटरच्या पानावर लॅन किंवा डीएचसीपीच्या भागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक’ अशा शब्दांची ओळ असते. तिथे छापलेल्या कागदावरचा मॅक पत्ता टाका, सध्याचाच आयपी द्या, जतन करा, प्रिंटर एकदा बंद-चालू करा.

प्रिंटरमध्येही स्थिर पत्ता टाकता येतो, पण तसं केलंत आणि राउटरने तोच पत्ता पाहुण्यांच्या फोनला दिला तर दोघांची टक्कर होते. वाटप करणाऱ्याकडेच नोंद असलेली बरी.

तरीही ऑफलाइन दाखवतोय

फोन मोबाइल डेटावर नाही ना, हे आधी. हसू नका, दर दोन फोनमागे एकदा हेच निघतं. मग फोन गेस्ट नेटवर्कवर नाही ना. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर त्याला घरातला प्रिंटर दिसत नाही, तो मनाने ऑफिसातच असतो.

विंडोजमध्ये प्रिंटरची रांग उघडा. मागचं अडकलेलं काम रांग अडवून बसलेलं असतं. ते रद्द होत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ रीस्टार्ट करा. यादीत एकाच प्रिंटरच्या दोन-तीन प्रती, ‘कॉपी १’ वगैरे, दिसत असतील तर तुम्ही मेलेल्या प्रतीला काम देताय. चालणारी ठेवा, बाकीच्या काढून टाका. आयपीने जोडलेला प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दिसत असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट, तिथली ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची चौकशी करतं आणि उत्तर आलं नाही की त्याला मेला समजतं.

वरच्या मजल्यावरच्या बेन एकदा खाली आल्या होत्या: "लाइट तो चालू छे, पण कागळ नथी आवतो." सगळं तपासून झालं. अखेर पाहिलं तर ट्रेमध्ये कागदच नव्हता. तेही बघत जा.

वीज, आणि बाहेरचे डोळे

इंकजेट प्रिंटर बोर्डाच्या खटक्याने बंद करू नका. त्याच्याच बटणाने बंद केला की तो शाईचं डोकं जागेवर नेऊन झाकतो. खटका दाबला तर ते उघडं राहून वाळतं. आठवड्यातून एखादं रंगीत पान काढत राहा. राउटरला छोटा यूपीएस लावलात तर चांगलंच, पण त्याच यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका, तापताना तो एकदम खूप वीज ओढतो.

प्रिंटरच्या त्या छोट्या पानाला पासवर्ड असतो, कधी रिकामा, कधी कारखान्यातला ठरलेला. तो बदला. वाय-फाय डायरेक्ट वापरत नसाल तर बंद करा. वापरत असाल तर त्याचाही पासवर्ड ठेवा. राउटर बंद असतानाही फोनवरून थेट प्रिंटरला जोडून छापता येतं, ही त्याची खरी उपयुक्तता. नवरात्रात आमच्या सोसायटीच्या गरब्याचे पास ऐनवेळी असेच छापले होते.

आत्याकडे शेवटी एक चिठ्ठी चिकटवून आले, प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला: नेटवर्कचं नाव, प्रिंटरचा आयपी, मॅक पत्ता. वाय-फायचा पासवर्ड त्यावर नाही, तो देवघराच्या खणात. पुढच्या वर्षी कंपनीने राउटर बदलून दिला तेव्हा मी फोनवरूनच सांगितलं, "आत्या, माणूस अजून घरातच आहे ना? त्याला सांग, नाव आणि पासवर्ड जुनाच ठेव. स्पेलिंगसकट." त्याने ठेवला. प्रिंटरला राउटर बदलल्याचं कळलंच नाही. तेवढी पत्त्याची नोंद नव्या राउटरमध्ये पुन्हा करायची होती, ती मी गणपतीला गेले तेव्हा केली. काकांनी तोवर आरत्या छापूनही ठेवल्या होत्या, अक्षर आणखी दोन घरं मोठं करून.